बोलायला उशीर आणि बुद्धी : यांचा खरोखर काही संबंध आहे का?

प्रश्न : ऊनसावली (मानेवाडा, नागपूर)

माझा मुलगा नुकताच 26 महिन्यांचा झाला. आई, बाबा, मम, भू, नाई आणि कोणत्याही गाडीसाठी ‘घुं’ असे मोजून अकरा-बारा शब्द तो वापरतो. दोन शब्द जोडून तो अजून एकदाही बोललेला नाही. शेजारची मुलगी त्याच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे आणि ती ‘आजी, पोळी दे’ असे स्पष्ट म्हणते. ती बोलू लागली की आमच्या घरातले सगळे एकदम गप्प होतात, आणि ते गप्प होणे मला सहन होत नाही.

घरात दोन्ही बाजूंनी बोलले जाते. सासूबाई म्हणतात की याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते आणि आज ते अभियंता आहेत, शिवाय उशिरा बोलणारी मुले पुढे फार हुशार निघतात. दुसरीकडे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी त्याच्याकडे बघून ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे सहज म्हटले. त्यांचा हेतू वाईट नसेलही, पण ते वाक्य गेले कित्येक महिने माझ्या मनातून जात नाही.

मला स्वतःला तो मंद वाटत नाही. तान्ह्या पोळ्याला आम्ही त्याच्यासाठी चाकांचा लाकडी नंदी आणला होता. मिरवून घरी आल्यावर त्याचे एक चाक निखळले. तो रडला नाही. एका हातात नंदी आणि दुसऱ्या हातात चाक घेऊन तो थोडा वेळ दोन्हींकडे बघत राहिला, मग चाक खाली ठेवून त्याने वडिलांचे बोट धरले आणि त्यांना स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणापाशी नेले, कारण पाना आणि पेचकस त्याच खणात असतात. त्या सगळ्या वेळात त्याच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही.

ऐकू येण्याबद्दल कोणी विचारले तर आम्ही ठामपणे ‘येते’ असेच सांगतो. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी सकाळी इतवारीत माझ्या माहेरी मारबतीची मिरवणूक बघायला गेलो होतो. ढोलताशे जवळ आल्यावर तो दचकून माझ्या गळ्याला बिलगला होता. घरात सासूबाई वऱ्हाडी बोलतात, आम्ही दोघे मराठी, कामाला येणाऱ्या मावशी आणि शेजारी हिंदी, आणि आता ज्या प्लेग्रुपमध्ये घातले आहे तिथे इंग्रजी. आमच्या डॉक्टरांनी ‘मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा’ असे सांगितले आहे.

माझे प्रश्न दोनच आहेत. मूल कोणत्या वयात बोलू लागते यावरून त्याच्या बुद्धीबद्दल काही कळते का? आणि वाट बघण्यात काही नुकसान आहे का?

उत्तर : निवृत्त_शिक्षिका (प्रतापनगर)

ताई, मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत आयुष्यभर शिकवले आहे, त्यामुळे मी आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालते.

मारबतीच्या ढोलांना तो दचकला, यावरून त्याला ढोल ऐकू येतो एवढेच सिद्ध होते. बोलणे ऐकू येते की नाही हे त्यावरून कळत नाही. माझ्या वर्गात आलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या आयांनी मला हेच सांगितले होते : फटाक्यांना घाबरतो, दार आपटले की वळून बघतो, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे जातो. त्यात खोटे काहीच नव्हते. पण ढोलाचा आवाज मोठाही असतो आणि जाडही असतो; तो कानाइतकाच छातीतही जाणवतो. बोलण्यातले स्वर आणि ‘म’, ‘न’ यांसारखी व्यंजने जाड आवाजाची असतात, तर ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने बारीक आणि फार हलकी असतात. ज्या मुलाला जाड आवाज ऐकू येतात पण बारीक येत नाहीत, ते मूल हाक मारली की वळते, ढोलाला घाबरते, ‘मामा’ म्हणते, आणि तरीही त्याच्या कानावर पडणारे वाक्य अर्धे पुसलेले असते. अशा वाक्यातून भाषा शिकणे किती कठीण असेल याची कल्पना करून बघा.

जन्माच्या वेळी झालेली कानाची तपासणी व्यवस्थित होती म्हणून निश्चिंत राहू नये, कारण काही मुलांचे ऐकणे नंतर कमी होते. लहान मुलांत वारंवार सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचू शकतो आणि मुलाला महिनोन्‌महिने सगळे बोटे घातलेल्या कानांनी ऐकल्यासारखे ऐकू येते. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

दोन तपासण्यांची नावे लक्षात ठेवा : ओएई आणि बेरा. पहिलीत कानात छोटीशी कळी बसवून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात. तीन-चार मिनिटांचे काम असते, पण मूल शांत बसावे लागते. दुसरीत कपाळावर आणि कानांमागे पट्ट्या चिकटवून, मूल झोपेत असताना, आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघतात. दुखत मुळीच नाही. आपल्याकडे मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. खाजगी ठिकाणीही होते. पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी वेगळी छोटी तपासणी असते, तीही त्याच वेळी मागून घ्या.

आता बुद्धीबद्दल. माझ्या वर्गात एक मुलगी पाच वर्षांची असताना आली. तिच्या कागदांवर ‘मतिमंद’ असा शिक्का होता. पहिल्या आठवड्यात मी तिच्यासमोर वेगवेगळ्या आकाराची बटणे ठेवली. तिने ती आधी रंगाने लावली, मग माझ्याकडे बघून सगळी मोडली आणि भोकांच्या संख्येने लावली, दोन भोकांची एका ओळीत, चार भोकांची दुसऱ्या ओळीत. मी तिला असे काही सांगितले नव्हते. सांगू शकतही नव्हते, कारण तिला तोपर्यंत कोणतीच भाषा मिळालेली नव्हती. तिची बुद्धी जागच्या जागी होती. नव्हते ते ऐकणे, आणि पाच वर्षे कोणी तिचे कान तपासले नव्हते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आईवडील स्वतः कर्णबधिर असलेल्या आणि जन्मापासून खुणांची भाषा बघणाऱ्या बाळांचे पहिले ‘शब्द’ हातांनी, साधारण त्याच वयात येतात ज्या वयात ऐकणाऱ्या बाळांचे पहिले शब्द तोंडाने येतात. म्हणजे वाचा वेगळी, भाषा वेगळी आणि बुद्धी वेगळी. आपण या तिन्हींना ‘बोलतो का?’ या एकाच प्रश्नात कोंबतो.

घरी एक करून बघा. तो खेळण्यात अगदी गुंग नसताना त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही आणि तुमची सावलीही पडणार नाही अशा बेताने उभ्या राहा आणि कुजबुजत्या आवाजात त्याच्या ओळखीचे, आवडीचे शब्द म्हणा. मोठ्याने नको, टाळी नको. हे तपासणीच्या जागी चालणार नाही, पण तपासणी करणाऱ्यांना सांगायला उपयोगी पडेल.

आणि कोणी मधात वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगत असेल तर कृपा करून थांबवा. जीभ ‘जड’ असल्याने मूल बोलत नाही ही समजूत जुनी आहे. जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही उच्चार बिघडू शकतात, शब्दच येत नाहीत असे त्याने होत नाही. वेखंडातील काही घटक अपायकारक आहेत, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही देऊ नये.

उत्तर : अजनीकर

मी एका मुलीचा बाप या नात्याने लिहितो आहे. आमची मुलगी दोन वर्षे दहा महिन्यांची होईपर्यंत जवळजवळ बोलत नव्हती. मला त्या काळात ‘आइन्स्टाईनही उशिरा बोलला’ हे उदाहरण इतक्यांनी दिले आणि मीही ते पुढे इतक्यांना दिले की त्या आधारावर आम्ही अख्खे एक वर्ष काढले. भीती वाटू लागली की मी तेच वाक्य स्वतःला ऐकवत असे.

शेवटी एका सर्दीत दाखवायला नेले तेव्हा दोन्ही कानांत पाणी आढळले. उपचार फार मोठा नव्हता. त्यानंतर स्पीच थेरपी सुरू केली आणि सात-आठ महिन्यांत ती वाक्ये बोलू लागली. ज्या डॉक्टरांनी आधी ‘थांबा’ सांगितले होते त्यांच्यावर मी बराच काळ रागावलो होतो. आता वाटते की ‘थांबा’ हे मला ऐकायचेच होते.

ती आता सहावीत आहे. वर्गात मध्यावर असते, चित्रे सुंदर काढते, मोठे उतारे वाचायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. ती अलौकिक नाही आणि मंदही नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण उशिरा बोललेल्या मुलांच्या ज्या गोष्टी लोक सांगतात त्यांत अशी मध्यावरची मुले कधीच नसतात, आणि माझ्या अंदाजाने बहुतेक तशीच असतात.

उत्तर : माई (महाल)

मी 71 वर्षांची आहे. चार मुले आणि सहा नातवंडे वाढवली. आमच्या वेळी या तपासण्या नव्हत्या, कोणी महिने मोजत नव्हते, आणि मुले आपापल्या वेळेने बोलत. आजच्या आयांना मोबाइलवर तक्ते दिसतात आणि त्या रात्र रात्र जागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. एखाद्या आईला घाबरवून सोडण्यापेक्षा तिला धीर देणे चांगले, असे मला वाटते. घर भरलेले असावे, मुलाशी दिवसभर कोणीतरी बोलत असावे. आजकाल जेवताना समोर मोबाइल आणि घरात तीन माणसे, मग मूल बोलणार कोणाशी? आणि घरात तीन-तीन भाषा असल्या की त्या एवढ्याशा जिवाचा गोंधळ होणारच.

उत्तर : निवृत्त_शिक्षिका

माई, धीर द्यावा हे अगदी खरे, आणि मुलाशी दिवसभर बोलावे हे तर माझ्या सगळ्या नोकरीचे सार आहे. पण ‘आमच्या वेळी सगळी बोलली’ यात न बोललेली मुले आपण धरत नाही. ती घरात मागच्या खोलीत असत, किंवा उशिरा आमच्या शाळेत येत. तपासणी करून सगळे ठीक निघाले तर आईला जो धीर मिळतो तो आपल्या शब्दांनी मिळणार नाही.

भाषांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दोन किंवा तीन भाषा ऐकल्याने मूल बोलण्यात मागे पडत नाही. ताई, तुम्ही शब्द मोजताना बहुधा फक्त मराठी शब्द मोजले असतील. मावशींकडून उचललेला हिंदी शब्द, आजींचा वऱ्हाडी शब्द, प्लेग्रुपमधला ‘बॉल’, आणि दर वेळी त्याच गोष्टीसाठी येत असेल तर ‘घुं’ आणि ‘भू’ सुद्धा शब्दच आहेत. सगळ्या भाषांची मिळून एकच यादी करा. दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांकडे किमान पन्नास शब्द असतात आणि दोन शब्द जोडणे सुरू झालेले असते. तुमची यादी त्याच्या किती जवळ जाते ते बघा. आजींना वऱ्हाडी सोडायला मात्र कोणी सांगू नका. जी भाषा आजीला मनापासून बोलता येते, तीच तिने नातवाशी बोलावी.

मोबाइलबद्दल माई बरोबर आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये दोन वर्षांखालील मुलांना मोबाइल-टीव्हीचा पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत ठेवावा असे सांगितले आहे. पडद्यावरचा माणूस मुलाच्या ‘घुं’ला उत्तर देत नाही, एवढेच त्यामागचे साधे कारण आहे.

उत्तर : वाचनवेडा (मानसशास्त्राचा प्राध्यापक)

कानांबद्दल बाईंनी जे लिहिले आहे त्यात मी भर घालू शकत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्या प्रश्नाभोवती दोन्ही बाजूंनी बरीच चुकीची समजूत आहे.

आधी आइन्स्टाईन. त्यांचा जन्म 14 मार्च 1879 चा. त्यांना बोलायला उशीर झाल्याची काळजी घरच्यांना होती आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घेतला होता, असे त्यांनी स्वतः उतारवयात लिहिले. पण त्यांच्या बहिणीच्या, मायाच्या, आठवणींत एक प्रसंग आहे. ती नोव्हेंबर 1881 मध्ये जन्मली तेव्हा छोट्या अल्बर्टला वाटले होते की घरात नवे खेळणे येणार, आणि बाळाला बघून त्याने विचारले की याची चाके कुठे आहेत. म्हणजे पावणेतीन वर्षांचाही नसताना तो मुलगा अर्थपूर्ण वाक्यात प्रश्न विचारत होता. अर्थात माया तेव्हा पाळण्यात होती, त्यामुळे ही आठवणही तिने घरातच ऐकलेली. घराघरांत अशाच आठवणींवर मुलांच्या वयाचे हिशेब चालतात. ‘याचे वडीलही तीन वर्षांनी बोलले’ या वाक्याकडे, सासूबाईंचा पूर्ण आदर ठेवून, याच दृष्टीने बघावे. उशिरा बोलणे काही अंशी घराण्यात चालते हे खरे आहे. पण तीस वर्षांपूर्वी तो नेमका किती महिन्यांचा होता हे कोणालाच नीट आठवत नसते.

रामानुजन यांच्याबद्दलही चरित्रात अशीच नोंद आहे की पहिली तीन वर्षे ते फारसे बोलले नाहीत आणि आजोबांनी त्यांना अक्षरे गिरवायला शिकवली तेव्हा हळूहळू बोलू लागले. हे खरे धरले तरी त्यातून काय निघते? उशिरा बोललेला एक मुलगा थोर गणिती झाला, एवढेच. उशिरा बोललेल्या इतर हजारो मुलांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, म्हणून ती आपल्याला उदाहरणादाखल सापडत नाहीत. अजनीकरांनी आपल्या मुलीबद्दल जे प्रांजळपणे लिहिले त्याचे मोल मला या दोन्ही थोर नावांपेक्षा अधिक वाटते.

आता मोठ्या अभ्यासांकडे वळू. मार्च 1946 मधील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक मुलांचा मागोवा आयुष्यभर घेतला गेला. त्यात दिसले की मूल एक महिना आधी उभे राहायला शिकले तर आठव्या वर्षी त्याचा बुद्ध्यंक सरासरीने अर्ध्या गुणाने अधिक असतो. बोलणे लवकर-उशिरा सुरू होण्याचा पुढील शिक्षणाशी संबंध आढळला, पण तोही लहानसाच. अर्धा गुण म्हणजे किती, हे लक्षात घ्या : तेच मूल आज एक चाचणी देईल आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा देईल तर त्याच्या गुणांत याहून कितीतरी मोठा फरक पडू शकतो. हजारो मुलांच्या सरासरीत जो संबंध दिसतो तो एका मुलाबद्दल काही सांगण्याइतका बळकट नसतो. म्हणून हळदीकुंकवाला आलेल्या बाई चुकल्या आणि सासूबाईही चुकल्या, आणि दोघींची चूक एकच आहे : दोघींनीही एका तारखेत सबंध माणूस वाचला.

दोन वर्षांच्या वयात शब्द कमी असलेली मुले विरळ नसतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या अभ्यासात ती 13 टक्क्यांच्या आसपास आढळली आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या दुपटीहून अधिक होते. ‘मुलगे उशिरा बोलतात’ या म्हणण्याला एवढा आधार आहे. पण मुलगा असणे हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण खऱ्या अडचणीही मुलग्यांतच जास्त असतात. इंग्लंडमधील जुळ्या मुलांच्या अभ्यासात दोन वर्षांच्या वयात मागे असलेल्या मुलांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास मुले चौथ्या वर्षीही मागेच होती, म्हणजे उरलेली बहुसंख्य बरोबरीला आली. अमेरिकेत लेस्ली रेस्कोर्ला यांनी, बाकी सर्व वाढ व्यवस्थित असलेल्या पण उशिरा बोललेल्या मुलांना 17 वर्षांपर्यंत पाहिले. ती मुले सर्वसाधारण पातळीवरच होती, मात्र शब्दसंग्रह, व्याकरण आणि ऐकलेले लक्षात ठेवणे यांत आपल्यासारख्याच घरांतील इतर मुलांपेक्षा थोडी मागे राहिली. अजनीकरांच्या मुलीला मोठे उतारे वाचायला वेळ लागतो, ते वाचून मला हीच मुले आठवली.

उलट बाजूही बघावी. बुद्धीच्या, म्हणजे शब्दांवाचून घेतलेल्या, चाचण्यांत अगदी व्यवस्थित असणारी पण भाषाच कच्ची राहणारी मुले असतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांत त्यांचे प्रमाण 7 टक्क्यांच्या जवळपास निघाले. वर्गात तोंडी प्रश्न विचारणारी आपली शाळा अशा मुलाला ‘ढ’ ठरवून मोकळी होते. आणि विल्यम्स सिंड्रोम नावाच्या एका जनुकीय अवस्थेतील मुले मोठी झाल्यावर गोड, ओघवते, नेमक्या शब्दांत बोलतात, पण रोजच्या हिशेबात आणि चित्र जुळवण्यात त्यांना फार अडचण येते. ओघवते बोलणे हे बुद्धीचे माप असते तर ही दोन्ही प्रकारची मुले जगात नसती.

तेव्हा बोलू लागण्याच्या वयापेक्षा मी पुढील गोष्टींकडे लक्ष देईन. त्याला किती कळते? ‘बाबांची चप्पल आण’ हे हातवारे न करता, नजरेने दिशा न दाखवता सांगितले तर तो आणतो का? त्याला काही आवडले तर केवळ मागण्यासाठी नव्हे, तर तुम्हालाही दिसावे म्हणून तो बोट दाखवतो का? नावाने हाक मारल्यावर तुमच्या डोळ्यांत बघतो का? येत असलेला एखादा शब्द नाहीसा झाला आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, किंवा आधीच्यांपैकी एखाद्याचे स्पष्ट ‘नाही’ असेल, तर एक दिवसही न थांबता बालविकास तज्ज्ञांना दाखवा. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्रिवेंद्रम येथे तयार झालेली भाषेची एक सोपी मोजपट्टी आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी वापरतात. कळणे आणि बोलणे यांच्या वेगवेगळ्या नोंदी त्यात होतात, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तोच फरक जाणून घ्यावासा वाटतो.

नंदीच्या चाकाचा प्रसंग मी दोनदा वाचला. काय बिघडले आहे, ते कोण दुरुस्त करील, कशाने करील आणि ती वस्तू कुठे असते, अशी चार पायऱ्यांची साखळी त्याने मनात धरली आणि शेवटपर्यंत नेली. त्यावरून त्याच्या बुद्ध्यंकाचा आकडा मी सांगणार नाही, पण ‘मंद’ हा शब्द त्या घरात कोणी उच्चारू नये असे मला तळमळीने वाटते, कारण न बोलणाऱ्या मुलाला ऐकलेले बरेच कळत असते.

उत्तर : ऊनसावली

सर्वांचे मनापासून आभार. माई, तुमचेही, तुम्ही माझ्या जागरणाबद्दल लिहिले ते वाचून रडू आले.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या भाषांची एकच यादी केली. सासूबाईंना आणि मावशींना जवळ बसवून आठवले तर शब्द बारा नव्हे, सत्तावीस निघाले. ‘चल’, ‘पानी’, ‘बॉल’, ‘बाई’ आणि सासूबाईंचा ‘इकळे’ हे माझ्या मोजणीत आलेच नव्हते. पन्नासपासून तो दूर आहे, हे मी स्वतःपासून लपवत नाही. तो बोट दाखवतो, विमान दिसले की माझी हनुवटी धरून माझे तोंड वर वळवतो. चप्पल त्याने आणली, पण बाबांची आणि आजोबांची अशी दोन्ही जोडांतली एकेक.

कुजबुजीचे मात्र मला नीट समजले नाही. मागे उभी राहून ‘मामा’ म्हटले तेव्हा दोनदा लगेच वळला. ‘शेव’ म्हटले, जी त्याला सर्वांत जास्त आवडते, तेव्हा तिन्ही वेळा वळला नाही. तो खेळत होता म्हणून, की ऐकू आले नाही म्हणून, हे मी ठरवू शकत नाही आणि आता ठरवणारही नाही.

काल ओएईसाठी नेले होते. कळी कानात घालताच तो इतका रडला की तपासणी झाली नाही. पुढच्या मंगळवारी सकाळी साडेदहाला बेरासाठी बोलावले आहे. आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि सकाळी लवकर उठवा, म्हणजे तिथे झोप लागेल, असे सांगितले आहे. सासूबाईंनी स्वतःहून म्हटले की पहाटे पाचला त्याला मी उठवते आणि जाईपर्यंत जागा ठेवते, कारण गाडीत तो माझ्या मांडीवर लगेच झोपतो. पडद्यामागच्या पाण्याची तपासणी त्याच दिवशी होईल का, हे विचारायला उद्या फोन करणार आहे. वेखंडाची बाटली सासूबाईंनी काल माझ्यासमोर कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली.